सहा महिने झाले, आता हात येणार नाही का?

ब्रेन हॅमरेजच्या पेशंटच्या घरचे हमखास हे विचारतात. या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकलं म्हणून लिहायला बसले. खरं असं की पहिल्या 3 ते 6 महिन्यांत सुधारणा सगळ्यात जोरात होते, मेंदूतलं साचलेलं रक्त शोषलं जातं, सूज उतरते. नंतर वेग मंदावतो, पण म्हणून दार बंद होत नाही.

एक काका होते, उजवी बाजू गेलेली, काठी घेऊन चालायला लागलेले पण हात मांडीवर नुसता पडून. काकांना काहीही विचारलं की उत्तर काकूंचं.

"शर्टाची बटणं कोण लावतं?"

"मीच. ह्यांना अर्धा तास लागतो हो."

"तुम्हाला?"

"मिनिटभर."

"मग त्या हाताला काम कधी मिळणार?"

काकू दुखावल्या, "म्हणजे माझंच चुकलं?" चूक कसली, मायाच ती. पण एडवर्ड टॉब नावाच्या शास्त्रज्ञाला माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की संवेदना गेलेला हात माकड वापरणंच सोडून देतं, आणि चांगला हात बांधला की तोच हात कामाला लागतो. (हे घरी आपल्या मनाने करू नका, फिजिओला विचारूनच.) माझं तर मत आहे की बरेच हात अशक्तपणाइतकेच बिनकामाचे राहून अडकतात.

चौथ्या भेटीत काकूंना म्हटलं, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा. काकांसमोर त्यांच्याच चष्म्याची डबी ठेवली. उजवी मूठ उघडत नव्हती, मग मी म्हटलं उघडू नका, नुसती डबीवर दाबून धरा, झाकण डाव्याने काढा. डबी दोनदा घसरली, दोन्ही वेळा काकूंचा हात बाहेर आला आणि परत आत गेला. चारेक मिनिटं गेली असतील, मलाच राहवत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग टक् झालं. आम्ही सगळे "हात येणार का" यातच अडकलो होतो, आणि हात आहे तसाच वजन म्हणून कामाला आला होता!

पुढे काम वाढवत नेलं, आधी कागद दाबून धरणं, मग टॉवेलची घडी, रोज, पुन्हा पुन्हा, थकले की विश्रांती. तुमच्याकडेही असंच छोटं, खऱ्या उपयोगाचं काम निवडा. दुखरा खांदा ओढू नका, बीपीच्या गोळ्या चुकवू नका. आणि माणूस आठवडेच्या आठवडे गप्प, उदास असेल तर डॉक्टरांना सांगा, ब्रेन हॅमरेजसारख्या स्ट्रोकनंतर नैराश्य खूप जणांना येतं.

बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत. परवा काकू चष्मा पुसायला गेल्या तर काका म्हणाले, "ठेव तिथे, माझं काम आहे ते."