पंक्तिप्रपंच आणि ‘लाडका देश’

‘मोस्ट फेवर्ड नेशन’ला (एमएफएन) मराठीत ‘सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र’ म्हणायचं की ‘देश’, असं गोकुळ शिरगावच्या एका निर्यातदारानं विचारलंय.

राष्ट्र-देश नंतर बघू, आधी ती ‘पसंती’ काढा. ऐकून कान किटलेत. भारतानं 1996 मध्ये पाकिस्तानला दिलेला हा दर्जा फेब्रुवारी 2019 मध्ये काढला आणि तिकडच्या मालावर 200 टक्के शुल्क लावलं, तेव्हा जो तो ‘लाड संपले’ म्हणत होता. लाड कसले? 1947 च्या गॅट कराराचं, म्हणजे आयात शुल्क आणि व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, पहिलंच कलम सांगतं की एका देशाच्या मालाला जी सवलत द्याल, ती तशाच मालासाठी बाकी सर्व सदस्यांना लगेच आणि बिनशर्त द्या. सगळ्यात लाडक्याला जे, तेच सगळ्यांना. मग लाडका उरला कोण? अमेरिकेनं 1998 मध्ये आपल्या कायद्यात ‘सामान्य व्यापारसंबंध’ असं नाव घेतलं, ते शहाणपणाचं.

मराठीत याला शब्द घरचाच आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप धार धरून आणि शेजारच्याला थेंबभर, तो पंक्तिप्रपंच. तो न करणं म्हणजेच हे कलम. पंगत ‘पंक्ति’पासून आणि पंक्ति ‘पंच’पासून, वेदांतल्या पंक्ति छंदात आठ अक्षरांचे पाच चरण, एकूण 40 अक्षरं. आता प्रपंचातही पंच ऐकू येतो की! धातुपाठवाले, म्हणजे संस्कृत धातूंची यादी धरून बसलेले, लगेच ‘पचि विस्तारवचने’, प्रपंचातला धातू विस्ताराचा, पाचाचा नव्हे, म्हणून अडवतील. अहो, पण विस्तार म्हणजे तरी काय? मिटलेली मूठ उघडून पाची बोटं पसरणं! माझ्या मते दोन्ही शब्द एकाच पंजातले. वैयाकरणांनी खुशाल नाकं मुरडावीत.

‘भेदभाव’ चालेल म्हणणारे कोशवाले एक गोष्ट विसरतात. इथं भेद दोन आहेत. पाहुण्या-पाहुण्यांत केला तर पंक्तिप्रपंच. घरचा आणि पाहुणा यांत केला तर आपपरभाव. शुल्क भरून माल आत आला की त्याला देशी मालासारखंच वागवा, हे गॅटचं तिसरं कलम, आणि ते आपपरभावाविरुद्ध आहे. एकाच ‘भेदभावा’त दोन्ही कोंबले की कलमांचा काला होतो.

वाढपी बिलंदर असला तर पळी बुडातनं घालून आपल्या माणसाला मटणाच्या फोडी काढतो, परक्याला नुसता रस्सा. विचारलं तर ‘रस्सा एकच आहे’ म्हणायला मोकळा. स्पेननं याच्या उलट केलं: भांडीच वेगळी मांडली. कच्च्या कॉफीचे प्रकार पाडून काहींना शुल्क माफ केलं आणि काहींवर 7 टक्के लावलं. मार ब्राझीलला बसला. 1981 मध्ये गॅटच्या पंचांनी सांगितलं, कॉफी ती कॉफी.

मुक्त व्यापार करार म्हणजे गॅटच्याच 24 व्या कलमानं परवानगी दिलेली वेगळी पंगत. 1 मे 2022 पासून संयुक्त अरब अमिरातींशी आपला तसा करार आहे. त्यातला सवलतीचा दर हवा तर मालासोबत मूळ देशाचा दाखला जोडावा लागतो. नसेल तर तिथं एमएफएन दर लागतो, म्हणजे ज्याला आपण ‘लाडका’ म्हणतो तोच महाग पडतो.

राहिलं राष्ट्र की देश. गॅट आता जिच्याकडे आहे, त्या जागतिक व्यापार संघटनेत हाँगकाँगही आहे, आणि ते स्वतंत्र राष्ट्रही नाही, देशही नाही. ‘सदस्य’ म्हणा.