हवामानाचा नाद नक्की कुणाला आहे?

पत्र: मोहोळ तालुक्यात आमची चार एकर डाळिंबाची बाग आहे. मुलगा सोलापुरात बारावी सायन्सला आहे. अकरावीला 64 टक्के. डॉक्टर करायचा म्हणून तेव्हा गणित सोडायला लावलं, पण मेडिकलच्या नीट परीक्षेचं काही जमेल असं आता वाटत नाही. एप्रिलातल्या अवकाळीनं आमचा आंबिया बहर गेला. महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं यंत्र आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, तिथं पाऊस कमी नोंदला गेला म्हणून विमाही नाही. मी कित्येक वर्षं रोजचा पाऊस वहीत लिहितो. मुलानं हवामानशास्त्रज्ञ व्हावं असं मी ठरवलं आहे, म्हणजे आपल्या बागेवर पाऊस कधी येणार हे तरी आधी कळेल. दहावीला भूगोलात त्याला चांगले मार्क होते. पण घरी आला की मोटारी आणि स्टार्टर खोलत बसतो. हे वेड कसं सोडवावं, आणि त्याला कुठल्या कॉलेजात घालावं?
— एक पालक

उत्तर:
तुमचं नुकसान मोठं आहे आणि विम्याचा राग रास्त आहे. पण पत्र वाचून मला काळजी वाटली ती तुमच्या मुलाची. बाग, बहर, यंत्र, वही, सगळं तुम्ही तपशिलानं लिहिलंत. मुलाला स्वतःला काय करायचंय, याची एक ओळ नाही. तो मन लावून काय करतो हे एकाच वाक्यात आलं, आणि तेही तक्रार म्हणून.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्याला डॉक्टर करणार होतात, आता हवामानशास्त्रज्ञ. दोन्ही वेळा ठरवलंत तुम्ही, अभ्यास करायचा त्यानं. पहिल्या निर्णयानं त्याचं गणित गेलं. दुसरा निर्णय नेमका गणितावरच उभा आहे. हवामानशास्त्र म्हणजे मुळात भौतिकशास्त्र आणि गणित. भूगोलाचे मार्क तिथं फारसे कामाला येत नाहीत. 1904 साली इंग्रजांनी इथल्या हवामान खात्याचं प्रमुखपद गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे दिलं, तेव्हा हवामानाचा त्याचा अनुभव शून्य होता. आकडेमोड येत होती, म्हणून निभावलं. आता बारावीत गणितच नसलेल्या मुलाला त्या वाटेवर ढकलणं म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं घालवणं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलगा हे शिकला की बागेवर पाऊस कधी येणार ते सांगेल, ही तुमची समजूत मनातून काढा. अंदाज काढणारं गणिती मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं. 2025 च्या मे महिन्यात देशाचं जे नवं मॉडेल सुरू झालं, त्याचा चौकोन साधारण 6 किलोमीटरचा आहे. म्हणजे एका चौकोनात 3,600 हेक्टर, जवळपास नऊ हजार एकर. तुमची बाग चार एकर. एप्रिलातलं वळवाचं ढग दुपारी उठतं, तासाभरात बरसतं आणि विरतं. एका शिवारात गारा आणि शेजारच्या शिवारात धूळ, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. असं ढग उठल्यावर रडारवर दिसतं, त्यावरून पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा देता येतो. अमुक तारखेला अमुक गटात पाऊस, असं आठवडाभर आधी पुण्याचा मोठ्यात मोठा शास्त्रज्ञही सांगणार नाही. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं आपल्या सोलापूर भागात कृत्रिम पावसासाठी ढगांवर विमानानं बीजारोपण करून बघितलं. त्यांनाही आधी आकाशात त्याजोगं ढग शोधावं लागे, आणि तसं मिळालं तर पाऊस साधारण 18 टक्क्यांनी वाढला. एवढी माणसं, विमान, रडार लावून ही मजल. तुमचा बी.एस्सी. झालेला मुलगा बागेत उभा राहून काय वेगळं करणार?

ज्यांच्याकडे गणित आहे त्यांच्यासाठी वाट सरळ आहे: फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी., मग पुणे विद्यापीठ, कोचीचं कुसाट विद्यापीठ किंवा विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ इथं एम.एस्सी.

तुमच्या मुलाला पीसीबीवर, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजीवर, उघडं दार आहे ते शेतीचं. सीईटी देऊन बी.एस्सी. अ‍ॅग्री, आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात कृषी हवामानशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. तिथंही संख्याशास्त्र चुकत नाही. त्याला शेतीत रस असेल तर ही चांगली वाट आहे. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसलं नाही.

दिसलं ते हे की तो स्टार्टर खोलतो. खोलून परत जोडतो का? जोडल्यावर मोटार चालते का? हे विचारा, कारण उत्तर हो असेल तर ते वेड सोडवायचं नसतं. पाऊसमापक, वाऱ्याचं यंत्र, रडार, मंडळामंडळातली स्वयंचलित केंद्रं ही सगळी कुणीतरी बसवतं, तपासतं, दुरुस्त करतं. हवामान खात्याच्या सायंटिफिक असिस्टंट पदासाठी फिजिक्सवाल्या बी.एस्सी.बरोबर इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा डिप्लोमाही चालत आलेला आहे. भरती स्टाफ सिलेक्शन कमिशनकडून होते. बारावी सायन्सवरून डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय असते, त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा. गणित तिथंही आहे, पण ते हातातल्या कामाला जोडलेलं असतं. आणि कृपा करून हे वाचून लगेच 'तू आता डिप्लोमाच करायचा' असं तिसऱ्यांदा ठरवून टाकू नका.

राहिली तुमची वही. इतकी वर्षं न चुकता पाऊस लिहिणारा माणूस मला क्वचित भेटतो. हवामानाचा नाद या घरात कुणाला असेल तर तो तुम्हालाच, आणि त्यासाठी कॉलेज लागत नाही. मापक झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, उघड्यावर ठेवा. मोजणी रोज सकाळी साडेआठला करा, खात्याची वेळ तीच असते. मंडळाच्या यंत्राचे त्याच दिवसांचे आकडे शेजारच्या रकान्यात लिहा. विम्याच्या तक्रारीत नुसत्या 'आमच्याकडे जास्त पडला'पेक्षा अशा दोन रकान्यांना वजन असतं. निकाल तुमच्या बाजूनं लागेलच असं मात्र मी म्हणणार नाही.

डिप्लोमा आणि सीईटीच्या तारखा जाण्याआधी मुलाला मला स्वतः पत्र लिहायला सांगा. तुम्ही ते आधी वाचू नका.