मुंबई–लंडन विमानप्रवास : तास कसे मोजायचे
लंडनहून रात्री ९ ला सुटलेलं विमान मुंबईत सकाळी साडेअकराला उतरतं, म्हणून साडेचौदा तासांचा प्रवास धरू नकोस. तिकिटावर त्या त्या शहराची वेळ असते. हिवाळ्यात साडेपाच तास वजा कर (उन्हाळ्यात साडेचार), उरले नऊ. अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, पण बंद हवाई हद्दी टाळायला विमान वळसा घेतं. शिवाय वरचे जोरदार वारे पूर्वेकडे वाहतात, म्हणून मुंबईहून जातानाच जास्त वेळ लागतो.

आईबाबा पहिल्यांदा येणार असतील तर चार पैसे जास्त गेले तरी थेट विमानच घे. दुबईला बदलायचंच असेल तर मध्ये तीन तास तरी ठेव. गेट शोधत धावणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. व्हीलचेअर आधीच सांगून ठेव.