झाडाला कसलं आलंय जीवनसत्त्व?

घोडबंदर रोडच्या एका वाचकाने विचारलंय: "'वनस्पतींतील जीवनसत्त्वनिर्मिती रोखणारी नवी तणनाशके' असं वाचलं. झाडं कुठे जीवनसत्त्वं खातात? शब्द चुकलाय ना? आणि तणनाशक की तृणनाशक?"

शंका रास्त आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ काझिमीर फुंक यांनी १९१२ साली 'व्हिटॅमिन' हे नाव दिलं, ते आहारातून मिळायलाच हव्या अशा पदार्थांना. आपल्याला लागतं पण आपलं शरीर बनवत नाही, म्हणून खावं लागतं, ते जीवनसत्त्व. म्हणजे शब्द खाणाऱ्याच्या बाजूचा झाला. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व घ्या, फोलिक अॅसिड म्हणून गोळ्यांत मिळतं ते. पालकाच्या रोपाच्या लेखी ते पेशीत घरच्या घरी तयार होणारं एक रसायन, बस्स. (त्या फोलिक अॅसिडचं नावही पानावरूनच पडलं. १९४१ साली ते पालकातून वेगळं केलं आणि लॅटिनमध्ये पानाला म्हणतात 'फोलियम'.)

पण तेवढ्यासाठी मी शब्द बदलणार नाही. फोलेट तयार झालं नाही तर नव्या पेशींसाठी डीएनए बनत नाही आणि रोपाची वाढ खुंटते. असुलाम हे जुनं तणनाशक फोलेट बनवणारं एक एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) अडवतं. सल्फा औषधं जंतूंमध्ये नेमकी तिथेच घाव घालतात. हे एन्झाइम माणसात मुळातच नाही, कारण आपण फोलेट आयतं खातो. संशोधकांना या वाटेचं आकर्षण आहे ते यासाठीच. 'जीवनसत्त्व' म्हटलं की 'झाड बनवतं, आपण बनवत नाही' हे आपोआप आलंच. अर्थात, म्हणून फवारणी हातमोज्यांशिवाय करावी असं कुणी समजू नये.

लिहिताना मात्र 'सत्त्व'. सत् अधिक त्व, तेव्हा दोन त हवेतच. औषधाच्या दुकानांच्या पाट्यांवर एक त हमखास गळालेला असतो.

आता तण. संस्कृत तृण, प्राकृतात तण, तेच मराठीत आलं. मूळ एक, पण अर्थ फुटले. तृण म्हणजे गवत. तण म्हणजे पिकात नको असलेलं काहीही, मग ती हरळी असो, लव्हाळा असो की रुंद पानांचं गाजरगवत, जे नावापुरतंच गवत आहे. त्यामुळे सरसकट 'तृणनाशक' लिहिणं चूक. फक्त गवतवर्गीय तण मारणारी औषधंही असतात, त्यांना हवं तर म्हणा.

तण ही वनस्पतीची जात नव्हे, तो माणसाचा शेरा. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात कुंपणाकडेने टाकळा माजतो. ठाणे स्टेशनबाहेर त्याच्याच जुड्या विकायला असतात. गेल्या वर्षी माळीकाकांनी पंप पाठीला लावला, तशा पहिल्या मजल्यावरच्या आजी पिशवी घेऊन खाली आल्या. "थांब रे बाबा, आधी माझी भाजी खुडू दे. मग मार काय औषध मारायचंय ते."

विषाला 'औषध' का म्हणतात, हा प्रश्न कुणीतरी पाठवा.