बेळगावहून पुण्याला जाऊन एका दिवसात दिवाळीची खरेदी आणि फिरणं दोन्ही जमतं का?

जमतं की, न जमायला काय झालं. रात्रीच्या बसला बसायचं, सकाळी स्वारगेटला उतरायचं. २०२४ पासून स्वारगेट ते मंडई मेट्रो झालीय, एकच स्टेशन, रिक्षावाल्याशी हुज्जत नको. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आईला चांगली इरकल घ्यायचीय, ती बेळगावात कुठली मिळायला, म्हणून पुणं. ते वाचलं आणि राहवलं नाही.

मी बेळगावातल्याच वडगावची, विणकरांच्या वस्तीतली. घरात माग होता, शाळेतनं आलं की आधी कांड्या भरायच्या मग अभ्यास. दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन पुण्याला गेले ते नणंदेच्या हट्टापायी, तिचं एकच पालुपद, साडी घ्यायची तर लक्ष्मी रोडलाच, तुमच्या बेळगावात काय मिळतंय. तर तिथल्या एका दुकानात पोरानं गादीवर सात-आठ इरकली टाकल्या, "प्युअर हातमाग आहे मावशी", भाव ३,८००. आईनं एक उचलली, पदर उलटा केला आणि अंग संपून पदर सुरू होतो तिथं अंगठा फिरवला. जुन्या पद्धतीच्या इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा रेशमी ताणा वेगळा, दोन्हीचे धागे फासात फास घालून एकेक करून जोडलेले असतात, टोपतेणी म्हणतात त्याला, तिथं बोटाला बारीक ओळ लागतेच. हिच्यात अंगठा सरळ घसरत गेला. आई शांतपणे म्हणाली, "हातमागाची नव्हे बाळा ही, पावरलूमची आहे."

त्यावर तो पोरगा काय म्हणाला माहितीय? "कर्नाटकातनं आलात का? तरी मराठी चांगलं बोलता."

आईनं साडीची होती तशी घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि बाहेर आली. मंडईपर्यंत एक शब्द बोलली नाही, तिथं पायरीवर बसून पाणी प्याली, बस्स. १९५६ ला नकाशावर रेघ सरकली, आमच्या घरातली भाषा कशाला सरकेल? आजी ओव्या मराठीत म्हणायची, आम्ही भांडतो मराठीत. आणि इरकल आली कुठनं? इळकल गाव बागलकोट जिल्ह्यातलं, खणाचं गुळेदगुड्डपण तिथलंच. म्हणजे आमच्या बाजूचा माल पुण्याला जाणार, आम्ही ३५० किलोमीटर जाऊन तो आणायचा आणि वर मराठीबद्दल शाबासकी घ्यायची!

परत आल्यावर बेळगावातच शहापुरात खडे बाजारला गेलो, आईनं तसाच अंगठा फिरवून गर्द हिरवी, लाल पदराची घेतली, २,९०० ला. बारशाला नेसली तर नणंद पदर हातात धरून म्हणते, बघ, पुण्याची आहे ना, कळतंय लगेच. मी तिथंच सांगितलं शहापूरची आहे म्हणून. अजून मान्य करत नाही. ताई, हे वाचत असाल तर बिलाचा फोटो आहे माझ्याकडं.

तर पुण्याला फिरायला जावा, साडीला नको. सकाळी दुकानं उघडेपर्यंत मंडई बघा, १८८६ ची इमारत आहे, वरचं अष्टकोनी छप्पर मान वर करून बघायचं. मग तुळशीबाग, देवाची पितळी भांडी, पोरींना भातुकली, पिना-बांगड्या, ह्यात तुळशीबागेचा हात कोण धरणार नाही. आत राममंदिर आहे, गर्दीनं जीव गुदमरला की तिथं जाऊन बसा. शनिवारवाडा तिथनं चालत होतो. मॉलला अजिबात जाऊ नका, तेच ब्रँड आपल्याकडं आलेत, सुट्टीचा दिवस फुकट.

एक मात्र आहे, पैठणी किंवा लग्नाचा मोठा बस्ता असेल तर लक्ष्मी रोडला चॉइस जास्त, ते मी नाकारत नाही. सगळे दुकानदार तसले नसतात, शेजारच्याच दुकानातल्या आजोबांनी आईला न मागता खुर्ची दिली होती. आणि शहापुरातसुद्धा पावरलूम हातमाग म्हणून खपवणारे आहेत, तेव्हा कुठंही घ्या पण आईला बरोबर न्या आणि पदर उलटा करून बघा. परतीचं तिकीट आधीच काढा, दिवाळीत ऐनवेळी मागची सीट पण मिळत नाही.