कुळागराच्या तळीतले गप्पी

प्रश्न : गोव्यातल्या सांगे तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, जुनी तळी आहे. डास मरतात म्हणून शेजाऱ्यांनी दिलेले गप्पी मासे तिच्यात सोडले. आता मासेच मासे झालेत, पण बेडकांची पिल्ले कुठे दिसत नाहीत. पावसात तळी भरली की पाणी पाटाने व्हाळात (ओढ्यात) जाते. मासे काढावेत का? मग डासांचे काय?

उत्तर : काढा, आणि मिरग लागायच्या आत काढा. एकदा ते व्हाळात उतरले की तुमच्या-माझ्या हातात काही उरत नाही.

गप्पी म्हणून आपल्याकडे दोन मासे खपतात. रंगीत शेपटीच्या नराचा तो खरा गप्पी, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दुसरा गंबुसिया, राखाडी, वर वळलेल्या तोंडाचा, १९२८ साली डासांसाठीच भारतात आणलेला. तुमच्या तळीत बहुधा हाच असावा. डासांच्या अळ्या तो खातोच, पण बेडकांची अंडी, कोवळी पिल्ले, इतर माशांची पोरे यांतलेही काही सोडत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. आपले बेडूक आधीच पावसाळ्यात चोरून लोकांच्या ताटात जाताहेत, त्यात हे.

एप्रिलमध्ये पाणी खाली गेले की तळी उपसा. पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधा आणि पाणी पोफळींच्या आळ्यांत सोडा, पाटात नको. काठाच्या मुळांत, दगडांच्या सांदीत हात घालून बघा. हा मासा अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो, आणि मादी नराचे बीज महिनोन् महिने पोटात साठवते. म्हणजे एक मादी राहिली तरी तळी पुन्हा भरली. धरलेले मासे आळ्यातच पुरा, दुसऱ्या कुणाला ‘डासांसाठी’ देऊ नका. ब्लीचिंग पावडर किंवा विष तर मुळीच नको. गंबुसियाबरोबर बाकीचेही मरेल. झऱ्याची तळी असेल तर ती पुरती आटणार नाही. तिथे पाटाच्या तोंडाला बारीक जाळी लावून पुन्हा पुन्हा मासे धरत राहावे लागेल.

डासांसाठी परक्या माशाची गरज नाही. आपल्या पाण्यांत डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला, पृष्ठभागालगत फिरणारा बारीक मासा असतो. त्याच्याच जातीतल्या एका माशाचा, अॅप्लोकायलस ब्लॉकीचा, मलेरियाच्या डासांवर गोव्यातच १९९० च्या दशकात प्रयोग झाला आहे. तुमच्याच व्हाळातले चार-सहा आणून सोडा, लांबचे नकोत.

आणि खरे सांगू? कुळागरात चावणारे डास तळीत कमी, खाली पडलेल्या पोफळीच्या विऱ्यांत (झावळांच्या रुंद बुडख्यांत) आणि करवंट्यांत जास्त होतात. तिथे चमचाभर पाणी पुरते. विऱ्या गोळा करा, करवंट्या पालथ्या घाला, रबराची झाडे असतील तर चीक धरायच्या वाट्याही उपड्या करून ठेवा.