ढोल वाजायच्या आधी

प्रिय मित्रा,

नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झालाय. संध्याकाळ झाली की तू खिडक्या लावून, कानांत बोळे घालून बसतोस, असं तुझी आई सांगत होती. हा भित्रेपणा नव्हे. भंगार म्हणून उचललेला तो बॉम्बगोळा फुटून तुझा पाय गेला, त्या क्षणी मेंदूनं मोठा आवाज आणि मरण यांची गाठ मारली. ती आपली आपण सुटत नाही, सोडवावी लागते.

आधी कान तपासून घे. स्फोटाच्या दाबानं पडदा फाटतो, आतल्या नाजूक पेशी मरतात, कानात शिट्टी वाजत राहते. डोक्यालाही हादरा बसलेला असतो. मग झोप उडणं, चिडचिड, विसराळूपणा हे सगळं डिप्रेशनच्या खात्यावर जातं आणि ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, राहूनच जातो.

मग आवाजाचा सराव. मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक लाव आणि भीतीला 0 ते 10 गुण दे. 6 असतील तर 3 होईपर्यंत ऐकत राहा. कधी 20 मिनिटं लागतील, कधी 30. ऐन भीतीत बंद केलंस तर ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच मेंदू शिकतो. सुरुवातीपासूनच 3च्या आत राहायला लागलं की आवाज थोडा वाढव. पुढे पुलावरून, लांबून ऐक. घरात बोळे नकोत, त्यांनी कान आणखी हळवे होतात आणि भांडं पडलं तरी दचकायला होतं. मिरवणुकीत मात्र ते हवेतच. पण नुसती भीती नाही, स्फोटच पुन्हा घडतोय असं वाटलं तर सराव तिथेच थांबव. तो टप्पा मानसोपचारतज्ज्ञाबरोबरच करायचा.

नसलेल्या पावलात कळ येते, ती खरी असते. कपाटाच्या आरशाएवढा आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा धर, कापलेला पाय त्यामागे झाक. आरशात बघत चांगला घोटा सावकाश हलव आणि मनानं दोन्ही हलव. रोज 15 मिनिटं, चार आठवडे. गरगरलं तर 5 मिनिटांवर ये. एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल तर मात्र सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, तपासायला हवं, तिथे आरशाचा उपयोग नाही.

‘भंगाराला चार पैसे येतील म्हणून मीच उचललं’ हे तू दोनदा बोललास. पडताना न फुटलेल्या गोळ्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, निकामी झालेला नसतो, अडकलेला असतो. वर्षांनंतरही नुसत्या हलवण्यानं सुटतो. लाओसमध्ये 1964 ते 1973 या काळात टाकलेले क्लस्टर बॉम्बचे (एका मोठ्या बॉम्बमधून विखुरणारे) छोटे गोळे आजही मुलांच्या हातात फुटतात, कारण ते चेंडूसारखे दिसतात. जमिनीत तुझा गोळा राहू देणाऱ्यांचा दोष तू स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस, रे. आणि हे ओझं घेऊन जगायला नको असं वाटलं, तर त्याच मिनिटाला आईला उठव किंवा 14416 लाव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गुरुवारी येशील तेव्हा ऑडिओग्रामचा कागद आण आणि रोजचे गुण एका वहीत लिहून आण. वाढलेलेही लिही.

तुझा,
दादा